बाय

ओमेश्वरी फागुलाल रहांगडाले.
उजव्या हाताची ऑफब्रेक.
जन्म : बोडीटोला, तालुका तिरोडा.
फोनवरच्या पानात एवढंच गाव आहे,
तेही एक अक्षर कमी करून.
सामने एकोणीस. बळी सतरा.
माझी करंगळी त्या पानात नाही.

धान निघालं की बांधी रिकामी व्हायची,
तेच आमचं मैदान.
खुंटांवर पडलेला चेंडू कुठं जाईल
ते चेंडूलाही माहीत नसे,
ओमीला असे.
पोरं म्हणायची, हिची कसली फिरकी,
फिरकी तर खुंटाची!
मी यष्टीमागे. ग्लोव्ह म्हणजे
भावाचे जुने मोजे, आत लुगड्याची घडी.
एकदा तिचा एक चेंडू असा उसळला
की तेव्हापासून करंगळी गोंदियाकडे बघते
आणि बाकीची बोटं तिरोड्याकडे.

पुढे ती नर्सिंगला नागपूरला गेली.
मग विमानात. मग आयर्लंड.
म्हाताऱ्यांच्या घरात रात्रपाळी,
शनिवारी क्लबचा सामना.
म्हणाली, इथं उन्हाळ्यात स्वेटर घालून खेळतात,
चेंडू धरताना वाटतं ओला दगड धरलाय.
किती वर्षं राहिलं की त्यांचं होता येतं
याचाही एक नियम आहे म्हणे.
ती वर्षं तिनं ड्युटीच्या तक्त्यावर
पेन्सिलीनं खोडली.

मग फोटो आला. हिरवा शर्ट.
फागुलाल काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू,
त्यांनी विचारलं, हिरवा म्हंजे कोणता?
मी म्हटलं, पऱ्ह्याचा.
रोवणीच्या चार दिवस आधी असतो, तसा.
ते बराच वेळ फोन हातात धरून बसले.
मग म्हणाले, बरा हाय.

आणि मग तो सामना, समोर आपलाच संघ.
सोसायटीच्या ओट्यावर, धानाच्या पोत्याला
टेकवून ठेवला माझा फोन,
भोवती तीस-चाळीस माणसं,
कुणाला कळेना टाळ्या कुणासाठी वाजवायच्या.
समालोचक तिला रंगडेल म्हणत होता.
आपली सलामीची पोरगी पुढे सरसावली,
चेंडू पडला, आत वळला,
आणि इथं ओट्यावर माझे दोन्ही हात
आपोआप पुढे गेले.
चहा सांडला.
तिथं भलत्याच कुणी बेल्स उडवल्या होत्या.
यष्टिचीत.
तिचं नाव मला वाचता आलं नाही,
वाचायचंही नव्हतं.

कुणी हूं की चूं केलं नाही.
फक्त काकांनी विचारलं,
तिथं खुंट होता का?
नाही काका. कापलेलं गवत होतं.
मग फिरला कसा?
पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

त्यानंतरचं पान लहान आहे.
खांदा. इंजेक्शन. पुन्हा खांदा.
संघाच्या यादीत नाव नाही,
मग मंडळाचा दोन ओळींचा आभाराचा निरोप,
त्यातही एक अक्षर कमी.
ती रात्रपाळीतून फोन करते,
मागे कुणीतरी खोकत असतं.
म्हणते, सतरा काही वाईट नाही ना गं?
मी म्हणते, अठरा.
करंगळी धर.

एक गोष्ट मात्र मी तिला कधी सांगितली नाही.
बाय गोलंदाजाच्या नावावर चढत नाहीत.
जे माझ्या मोज्यांतून सुटले,
बांध ओलांडून नहरात पडले,
ज्यांच्यामागे मी ओल्या फ्रॉकनं धावले
तेवढे सगळे माझे.
तिच्या आकड्यांना त्यांचा डाग नाही.
अंगणवाडीच्या रजिस्टरात मी रोज
अठ्ठावीस पोरांची वजनं लिहिते, चूक होत नाही.
पण त्या बाय किती, ते कुणी लिहिलं नाही.

यंदा नाताळच्या सुट्टीत आली.
बांधीत खुंट होते, नुकतेच कापलेले.
हात वर जाईना, तर खालूनच टाकला,
लहान पोरांना टाकतात तसा.
चेंडू पडला. वळला.
मला दिसत होता अगदी शेवटपर्यंत,
तरी सुटला.
बाय! ती ओरडली,
आणि अंगणवाडीतली माझी चार पोरं
नहराकडे पळाली.